न आलेल्यांची मोजणी

इंदूबाईचं ते पत्र नत्थुजींनी चौदा वर्षं शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवलं होतं. घरात तो खंड त्यांच्याशिवाय कोणी उघडत नसे, आणि अलीकडे तेही उघडत नसत. निळं आंतर्देशीय, घड्यांवर विरलेलं, वर धामणगाव रेल्वेचा शिक्का. मजकूर पाठ होता.

‘भाऊ, गावात बाटलीचं मतदान लागलं. येत्या रविवारी, शाळेत. दारूचं दुकान दादाच्या खोल्यांत आहे म्हणून बाया भितात. तू भाषण देऊ नको, तुला जमत नाही. फक्त शाळेच्या ओट्यावर खुर्ची टाकून बस. त्या घरचा एक माणूस माझ्याकडून आहे एवढं दिसलं तरी पुरे. येतोस की नाही ते कळव.’

त्यांनी कळवलं नव्हतं. उत्तरं चार लिहिली होती. पहिलं फार लांब झालं, दुसऱ्यात उगाच विद्वत्ता आली, तिसरं वाचून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. चौथ्यावर पत्ता घालेपर्यंत रविवार उलटून गेला होता. अमरावतीला कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं लोकांना हवं ते पान दोन मिनिटांत काढून देणारा माणूस स्वतःच्या बहिणीला ‘येतो’ किंवा ‘येत नाही’ एवढे दोन शब्द देऊ शकला नव्हता.

आज सकाळी बडनेऱ्याला गाडीत बसताना ते पत्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. का घेतलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“बाबा,” शेजारी बसलेली नीलम म्हणाली, “आज तिथं गप्प बसू नका. सही करा आणि हो म्हणा. मला तुमचं हो ऐकायचं आहे. कागदावरचं नाही, तोंडातलं.”

नीलम छत्तीस वर्षांची होती. बडनेऱ्याजवळच्या एका खाजगी कॉलेजात शिकवत होती आणि पगार चार महिन्यांतून एकदा बघत होती. अमोलनं, म्हणजे थोरल्या भावाच्या, पंजाबदादाच्या मुलानं, अकोल्याच्या प्लॉटवर लहानसा, उंची बार काढायचं ठरवलं, तेव्हा तिनं साठवलेलं सगळं त्यात घातलं. नत्थुजींना हे तिसऱ्याकडून कळलं होतं.

“बघू,” ते म्हणाले.

“बघू,” नीलमनं त्यांचाच शब्द त्यांच्याच आवाजात परत केला आणि मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसली.

अकोल्याला प्लॉटवर धूर होता. त्यांच्या घराची रीत अशी की नव्या जागेवर कुदळ पडायच्या आधी तिथं गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे जाड रोडगे भाजायचे, आणि घरच्या लेकीनं पहिला रोडगा फोडायचा. लेक आल्याशिवाय काम लागत नाही. म्हणून अमोलनं धामणगावजवळच्या निमखेडीहून आत्याला, इंदूबाईला बोलावलं होतं, आणि म्हणून ती आलीही होती. पण तिच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर न बसता विटांच्या ढिगावर, मांडीवर स्वतःचा डबा घेऊन बसली होती.

“आली काय वं माय?” ती नीलमला म्हणाली. भावाकडे तिनं पाहिलं, पण त्यांना काही म्हणाली नाही.

जमिनीवर चुन्याच्या रेघा आखलेल्या होत्या. अमोल त्यांच्यातून फिरत दाखवत होता. “हे काउंटर. इथं बत्तीस खुर्च्या, त्याच्यावर एक नाही. प्लॅस्टिकची वस्तू आत दिसणार नाही काका, गोंगाट नाही, टीव्ही नाही. डॉक्टर लोक, जिनिंगवाले, बायकोले घेऊन बसतीन. आज त्यायले असं बसाचं असलं त नागपूरले जा लागते. अकोल्याचा माणूस पैसा घेऊन नागपूरले जाऊन राहिला, अन् आपण प्लॉटवर गाजरगवत वाढवून राहिलो.”

“अन् तुहं कृषी केंद्र?” इंदूबाई म्हणाली.

“ते हायेच ना आत्या. हा जोडधंदा.”

“जोडधंदा म्हणजे दोन म्हशी. संध्याकाळी धार काढली का मोकळं. हे त रोज मध्यरात्रीपर्यंत चालन. जून लागला का तुह्या दुकानावर बियाण्याची रांग पहाटेपासून. तू रात्री इथं अन् सकाळी तिथं? झोपशीन कधी?”

“मॅनेजर ठेवीन.”

“मॅनेजर ठेवला का कोणत्या बाटलीत काय हाये ते फक्त मॅनेजरले माहीत राहीन. परवान्याची फी मात्र गिऱ्हाईक येवो न येवो, दरसाल तुह्याच नावानं. अन् हे जे खुर्च्यांचं सांगून राहिला ना, दोन वर्षांनी पलीकडच्या चौकात कोणी याच्याहून भारी खुर्च्या टाकन. मंग तुहे डॉक्टर तिकडं.”

अमोल हसला, पण त्याचे कान तांबडे झाले. “आत्या, तुमाले बारचं लय माहीत हाये.”

“चार वर्षं गावच्या त्या दारूच्या दुकानासमोर ठाण मांडलं म्या. तुह्यापेक्षा जास्त माहीत हाये.”

“मी बसणार आहे रात्री,” नीलम मध्येच म्हणाली. “मॅनेजरची गरज नाही. हिशोब, माल, सगळं मी पाहीन. नोकरी सोडते.”

विस्तवाजवळ वरण ढवळत असलेल्या अमोलच्या आईचा, सुभद्रावहिनींचा हात थांबला. बारच्या बाजूनं घरात सगळ्यात आधी त्याच उभ्या राहिल्या होत्या. नवरा गेल्यापासून पोराचा शब्द त्यांच्यासाठी शेवटचा. “तू बसशीन? दारूच्या गल्ल्यावर? आपल्या घरची पोरगी? पैसा लाव बाई, कोण नाही म्हणते. पण तिथं बसाचं नाही. लोक काय म्हणतीन?”

“मोठीआई, पैसा चालतो आणि मी चालत नाही?”

“बसली त काय झालं?” विटांवरून इंदूबाई कडाडली. “दारू विकाले लाज नाही, पोरगी बसाले लाज? त्या जागेत एक शहाणं माणूस राहीन त ते हेच राहीन.”

नत्थुजी पाहत राहिले. त्या घरात बाजू अशा बदलत. सकाळी ज्यांनी एकमेकींचा हात धरलेला असे, त्या जेवणाच्या वेळेला समोरासमोर असत. आणि दर वेळी मधोमध ते स्वतः, सगळ्यांचं पटत असलेले. नीलमचं पटत होतं. इंदूचं पटत होतं. अमोलचं नागपूरचंसुद्धा पटत होतं. एवढं सगळं पटणारा माणूस शहाणा की नुसता भित्रा, हा प्रश्न त्यांनी स्वतःला इतक्यांदा विचारला होता की आता त्याचीही सवय झाली होती.

“काका,” अमोलनं गाडीतून एक कागद आणला. “तुमी अठी सही करा. एवढंच राहिलं.”

कागद संमतीपत्राचा होता. प्लॉट नत्थुजींच्या बापाच्या नावाचा. बाप कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला यायचा त्या काळात घेतलेला. बाप गेल्यावर दोघा भावांच्या नावावर झाला. इंदूनं तेव्हा हक्क सोडून दिला होता. बहिणीनं सोडायचाच असतो, असं सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, आणि सांगणाऱ्यांत नत्थुजी नव्हते. ते तेव्हाही काही बोलले नव्हते.

कागदाला मागे आणखी एक जोडलेला होता. त्यांनी सवयीनं तोही वाचला. परवान्याचा अर्ज, सहा महिन्यांपूर्वीच्या तारखेचा. त्यात एक ओळ होती: ‘सहमालक नत्थुजी यांची या व्यवसायास पूर्ण संमती आहे.’

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. “हे मी कधी म्हटलं?”

“नाही म्हटलं नाही ना,” अमोल म्हणाला. “म्या तुमाले दिवाळीच्या आधी मोबाइलवर सगळं पाठवलं होतं. तुमी वाचलं, तसं दिसते तिथं. चार दिवस थांबलो, सहा दिवस थांबलो. तुमी काहीच बोलले नाही. आमी समजलो, हो हाये.”

“विचारायला घरी यायचं होतंस.”

“येऊन काय? तुमी बघू म्हटलं असतं. काका, तुमाले विचारणं म्हणजे भिंतीले विचारणं. अर्ध्या टेबल-खुर्च्यांचा ॲडव्हान्स गेला माहा. तुमच्या बघूसाठी किती थांबू?”

इंदूबाई हसली. ते हसू ऐकून नीलमनंसुद्धा मान वर केली. “बरोबर मोजलं पोरा तूनं. हेच मोजमाप हाये त्याचं. सरकारचंबी हेच होतं.” ती नीलमकडे वळली. “तुले माहीत नाही पोरी, तू तवा कॉलेजात होती. बाटलीच्या मतदानाले कागदावर दोन चित्रं राहतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या. आडवी म्हणजे बंद करा. गावात मतदार बाया सहाशे बारा. अर्ध्याच्या वर आडव्या पाहिजेत. आलेल्यांच्या अर्ध्या नाही, सगळ्यांच्या. तीनशे सात. आडव्या किती निघाल्या? दोनशे शहाण्णव. उभ्या फक्त एकेचाळीस. तरी दुकान राहिलं. काहून? बाकीच्या आल्याच नाही. जे येत नाही, जे बोलत नाही, ते सारे उभ्या बाटलीत. अकरा बाया कमी पडल्या मले. अकरा.”

गोवऱ्यांवरची राख खाली बसली.

“अन् त्या काहून आल्या नाही, तेबी सांगतो,” ती म्हणाली. “पंजाबदादानं त्या दिवशी शेतात रोडगे टाकले. नाल्यापलीकडच्या शेतात, कापसाच्या शेवटच्या वेच्याचं निमित्त. साऱ्या मजूर बाया सकाळीच ट्रॅक्टरमधी नेल्या. परतीचा ट्रॅक्टर शाळा बंद झाल्यावर निघाला. जेवू घातलं अन् माणसं खाल्ली.”

“मेलेल्या माणसावर किती दिवस दात खाशीन तू?” सुभद्रावहिनींनी पळी आपटली. “माहा नवरा तेवढा वाईट, नाही? मंग एकट्याचंच नाव काहून घेतं? त्या दिवशी पंगतीले तुहा लाडका भाऊबी होता. विचार त्याले. म्या वाढलं त्याले माह्या हातानं.”

नत्थुजींना वाटलं, आता काहीतरी मोठं होईल. झालं काहीच नाही. इंदूनं डबा मांडीवरून काढून विटेवर ठेवला. तेवढंच.

“खरं काय, भाऊ?”

चौदा वर्षांत तिनं विचारलेला हा दुसरा प्रश्न. पहिला खिशात होता.

“खरं आहे,” ते म्हणाले. “दादानं निरोप पाठवला होता, ये म्हणून. मी निमखेडीला यायलाच निघालो होतो. धामणगावच्या स्टँडवर त्याची जीप उभी होती.”

“अन् तू बसला.”

“बसलो.”

“किती रोडगे खाल्ले?”

प्रश्न इतका साधा होता की त्याला टाळायला जागाच नव्हती. “तीन,” ते म्हणाले. “तूप घालून.”

इंदूबाईचा चेहरा पांढरा पडला. आता ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हलकेच म्हणाली, “म्या शाळेच्या ओट्यावर खुर्ची टाकून ठेवली होती. दिवसभर कोणाले बसू नाही देल्लं. बाया विचारे, कोणाची खुर्ची? म्या म्हणे, माह्या भावाची.”

“आत्या, झालं ते झालं,” अमोल म्हणाला. “काकाचं काय चुकलं? माह्या बापानंच त्यायचं घर चालवलं. हिची शेवटच्या वर्षाची फी कोणी भरली? दुकानाच्या खोल्यांचं भाडं जमा करून ठेवलं होतं, त्यातून भरली. त्याच वर्षी.”

“काय?” नीलम म्हणाली.

नत्थुजींनी मान खाली घातली. हे तिला कधी सांगायचं राहून गेलं होतं. राहून गेलं, असं ते स्वतःला सांगत आले होते.

“म्हणजे मी त्या दुकानावर शिकली,” नीलम म्हणाली. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी नुसत्या संतापाचं होतं. “आणि मला सहा महिने घरात असं वागवता जसं मी काही नासवून राहिली आहे. जेवताना बोलत नाही, माझ्या ताटाकडे बघत नाही. मला वाटलं, बाबांना तत्त्व आहे. मी रात्र रात्र जागली त्या तत्त्वापायी. तत्त्व नव्हतंच. तुम्हाला फक्त बोलायचं नव्हतं.”

“नीलम—”

“सही करा मग. आता तर काही कारणच नाही. तेव्हा चाललं, आता काहून नाही?”

हे सगळं खरं होतं. ते प्रत्येक वाक्याशी सहमत होते आणि नेमकं त्याच क्षणी त्यांना राग आला. आयुष्यभर ज्याला त्यांनी डोकेदुखी समजून गोळी घेतली होती तो राग. अमोलवर आला, दादावर आला, आणि त्या जीपमध्ये बसलेल्या, मांडीवर पुस्तक उघडून न वाचता बसलेल्या माणसावर सगळ्यात जास्त आला.

“मले विचारलं असतं,” ते म्हणाले, आणि अमरावतीच्या चाळीस वर्षांत घासून गुळगुळीत केलेली त्यांची भाषा पहिल्याच शब्दाला गळून पडली, “त कदाचित म्या होच म्हटलं असतं, अमोल. दारूचं मले काही वावडं नाही. लोक पितात, पिऊ दे. तुहा धंदा चालनबी. पण तूनं मले विचारलं नाही. तूनं मले मोजलं. तुह्या बापानं मोजलं होतं तसंच. त्याले माहीत होतं, हा येते, खाते, गप बसते. हा आपलाच. इंदूचा हिस्सा आमी असाच घेतला, गप बसून. आज तिच्याजवळ सही नाही. माह्याजवळ हाये. दोघांची मिळून एकच राहिली हाये, अन् ती मी देत नाही.”

“काका, ॲडव्हान्स गेला माहा.”

“जाऊ दे.”

“जाऊ दे? तुमी जिंदगीत एक टपरी तरी टाकली काय? पुस्तकायवर शिक्के मारले फक्त. माह्या बापाच्या जिवावर जगले अन् आज माह्या तोंडावर—”

“हो,” नत्थुजी म्हणाले. “त्याच्याच जिवावर जगलो. म्हणून तर एवढा उशीर झाला.”

त्यांनी अमोलच्या हातातला पेन घेतला. सहीच्या जागेवर लिहिलं: ‘माझी संमती नाही. कधी दिलेली नव्हती.’ आणि खाली सही केली. मग अर्जातली ती ओळ खोडली आणि तिथंही सही केली.

“तुझे पैसे मी देतो,” ते नीलमला म्हणाले.

“मला पैसे नको होते, बाबा. धंदा पाहिजे होता.” ती पर्स उचलून रस्त्याकडे चालू लागली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. त्यांनाही हाक मारायचं धाडस झालं नाही.

ते इंदूकडे वळले. त्यांच्या मनात कुठंतरी, एखाद्या पोरासारखी, आशा होती. ती डबा पिशवीत घालत होती. विस्तवातला एकही रोडगा तिनं फोडला नव्हता. त्या रीतीनं पाहता, काम तसंही लागणार नव्हतं.

“इंदू.”

“इथं ‘नाही’ म्हणून कोणाचं काय वाचलं?” ती म्हणाली. “या शहरात तुह्या नाहीनं एकबी बाई मार खायाची थांबणार नाही. तवा पाहिजे होतं. तवा अकरा पाहिजे होत्या. तुले खुर्चीत पाहून अकरा आल्या असत्या.” ती उठली, गुडघ्यावर हात देऊन. “म्या चौदा वर्षं समजून राहिली, माहा भाऊ घाबरला अन् घरी राहिला. घरी राहणाऱ्याले माफ करता येते.”

एस.टी. स्टँडपर्यंत ते तिच्या मागोमाग गेले. ती धामणगावच्या गाडीत खिडकीशी बसली आणि गाडी सुटेपर्यंत समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत राहिली.

पुढचे आठ दिवस घरात नीलम ताट वाढत होती आणि बोलत नव्हती. अमोलनं वकिलाला गाठल्याचं सुभद्रावहिनींनी फोन करून कळवलं. वर एवढंही सांगितलं की तुमच्या भावाच्या आत्म्याला काय वाटत असेल याचा विचार करा. नत्थुजींनी विचार केला. दादाच्या आत्म्याला बहुधा आश्चर्य वाटलं असावं, असं त्यांना वाटलं.

नवव्या दिवशी ते पोस्टात गेले. अकोल्याहून आल्यावर ते पत्र पुन्हा शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात गेलं होतं; जाताना ते काढून वाचलं, पण परत आत ठेवलं नाही. घरी टेबलावर चार लिफाफे पडले होते. पण त्यांनी पोस्टात पोस्टकार्ड घेतलं, आणि तिथल्या टेबलाशी दोरीनं बांधलेल्या पेननं उभ्याउभ्याच लिहिलं. खोडायला जागा नव्हती, म्हणून खोडलं नाही.

‘इंदू, तुझ्या पत्राचं उत्तर. मी आलो नाही. मतदानाच्या दिवशी मी पंजाबदादाच्या शेतात, बायांना अडवून ठेवलेल्या पंगतीत बसलो होतो आणि तीन रोडगे खाल्ले. शाळेच्या ओट्यावर जी खुर्ची दिवसभर रिकामी होती ती माझी होती. तू अकरा मतांनी हरली नाहीस. माझ्यामुळे हरलीस. माफी मागत नाही, तो हक्क राहिलेला नाही. येत्या रविवारी निमखेडीला येतो. बसू दिलंस तर ओट्यावर बसेन. नाही दिलंस तर उभा राहीन. नत्थु.’

खिडकीतल्या माणसानं पत्ता नीट आहे का ते पाहण्यासाठी कार्ड हातात घेतलं. त्याची नजर मजकुरावर गेली आणि अर्ध्यातच तो संकोचला.

“काका, पाकिटात टाका ना. कार्ड कोणीबी वाचते. खेड्यात त पोस्टमन वाचते, मंग पारावर सांगते, मंग घरी देते.”

“माहीत आहे,” नत्थुजी म्हणाले. “तिथलाच आहे मी.”

बाहेरच्या लाल पेटीच्या फटीतून त्यांनी कार्ड आत सोडलं. मग त्यांचा स्वतःवर विश्वास नसल्यामुळे दोन बोटं आत घालून चाचपून पाहिलं. कार्ड हाताला लागलं नाही. ते खाली पडलं होतं.